‘उपासक’ : शब्दाचा अर्थ आणि आपला व्यवहार

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोरेगाव तालुक्यातील आणि एकूणच सातारा-सांगली भागातील विहारांमध्ये वर्षावासानिमित्त ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. या काळात फलकावर, निमंत्रणपत्रिकेत आणि ध्वनिक्षेपकावर एक शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे ‘उपासक’ आणि त्याच्या जोडीचा ‘उपासिका’. सर्व उपासक-उपासिकांनी शुभ्र वस्त्रे परिधान करून उपस्थित राहावे, अशी विनंती केली जाते आणि लोक उपस्थितही राहतात. परंतु उपासक म्हणजे नेमका कोण, असे विचारले तर आम्हांस साधारणपणे तीन प्रकारची उत्तरे मिळतात. पौर्णिमेचा उपास धरणारा तो उपासक, हे पहिले उत्तर. भगवान बुद्धांची पूजा करणारा तो उपासक, हे दुसरे. विहाराची वर्गणी देणारा आणि समितीच्या वहीत ज्याचे नाव आहे तो उपासक, हे तिसरे.

ही तिन्ही उत्तरे श्रद्धेने दिलेली असतात, हे आम्ही मान्य करतो. तरीही पालि भाषेच्या आणि धम्माच्या दृष्टीने तिन्ही अपुरी आहेत. पहिल्या दोन उत्तरांमागे जुन्या धर्माचा अर्थ नव्या शब्दात शिरलेला दिसतो. तिसऱ्यात एखाद्या पतपेढीच्या सभासदत्वाचा अर्थ शिरला आहे. शब्द बदलले आणि अर्थ जुनाच राहिला, तर आचारही जुनाच राहतो. म्हणून या एका शब्दाचा नीट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शब्दाची घडण

‘उपासक’ हा शब्द ‘उप’ हा उपसर्ग आणि ‘आस्’ हा धातू यांपासून बनला आहे. ‘उप’ म्हणजे जवळ. ‘आस्’ म्हणजे बसणे. आसन हा आपल्या नित्याच्या वापरातील शब्द याच धातूपासून आलेला आहे. त्यास कर्ता दाखविणारा ‘अक’ हा प्रत्यय लागून ‘उपासक’ म्हणजे जवळ बसणारा, असा मूळ अर्थ सिद्ध होतो. जवळ बसून सेवा करणे, कशाची तरी सतत संगत धरणे, हे अर्थ त्यातून पुढे आले.

आपल्या बोलीतील ‘उपास’ हा शब्द मात्र निराळा आहे. तो ‘उपवास’ या शब्दाचे झिजलेले रूप असून त्याचा धातू ‘वस्’, म्हणजे राहणे, हा आहे. पालितील ‘उपोसथ’ हा शब्दही याच ‘वस्’ धातूचा. ‘उपास’ आणि ‘उपासक’ या शब्दांत ध्वनीचे साम्य आहे, परंतु कूळ एक नाही. उपोसथाच्या दिवशी उपासक आठ शीलांचे पालन करतात आणि त्यांत मध्यान्हानंतर भोजन न करण्याचे एक शील आहे, हे खरे. परंतु त्या दिवसाचा हेतू संयम, धम्मश्रवण आणि आत्मपरीक्षण हा आहे. सकाळपासून साबुदाणा आणि भगर खाऊन एखाद्या देवतेस प्रसन्न करण्याच्या व्रताशी त्याचा संबंध नाही. पौर्णिमेस अष्टशील न पाळणारी व्यक्ती उपासक नाही, असेही शास्त्र सांगत नाही. उपासकाचे नित्याचे शील पाचच आहे.

आता पूजा करणारा या अर्थाविषयी. संस्कृत आणि मराठी भक्तिवाङ्मयात ‘उपासना’ म्हणजे आराधना, दैवताचे ध्यान असा अर्थ दृढ झाला आहे. पालित ‘उपासति’ आणि विशेषतः ‘पयिरुपासति’ ही क्रियापदे गुरूच्या किंवा जाणत्या माणसाच्या सान्निध्यात बसणे या साध्या अर्थाने येतात. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात सत्यापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या आहेत. माणूस प्रथम विश्वासाने जवळ जातो, मग जवळ बसतो, कान देतो, धम्म ऐकतो, तो ध्यानात ठेवतो, त्याच्या अर्थाची तपासणी करतो, तो पटतो किंवा नाही हे पाहतो, मग उत्साह धरतो, तोलून पाहतो आणि शेवटी प्रयत्नास लागतो. या क्रमात जवळ बसणे ही आरंभाची पायरी आहे. तिच्यानंतर श्रवण, स्मरण, परीक्षण आणि प्रयत्न आहेत. जो केवळ जवळ बसतो आणि परीक्षण करीत नाही, त्याचा प्रवास दुसऱ्याच पायरीवर थांबला, असे म्हणावे लागेल.

हा अर्थ भारताबाहेरही जपला गेला. चिनी बौद्धांनी आरंभी ‘उपासक’ हा शब्द ध्वनीनुसार आपल्या लिपीत उतरविला. पुढे सातव्या शतकात ह्युएन त्संगच्या अनुवादपरंपरेत त्यासाठी जवळ राहून सेवा करणारा, अशा अर्थाचा शब्द योजला गेला. तिबेटी भाषेतील शब्दाचा अर्थ कुशलाच्या जवळ जाणारा, असा होतो. भाषा बदलल्या, परंतु ‘जवळ’ ही कल्पना कोणी सोडली नाही.

त्रिपिटकातील उपासक

विनयपिटकाच्या महावग्गात या शब्दाचा इतिहासच नोंदलेला आहे. संबोधिप्राप्तीनंतर तपस्सु आणि भल्लिक हे दोन व्यापारी भगवंतांना भेटले. त्या वेळी भिक्खुसंघ अस्तित्वात नव्हता. म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म या दोहोंनाच शरण जाऊन उपासकत्व स्वीकारले. त्यांना ‘द्वेवाचिक’, म्हणजे दोन वचनांनी झालेले उपासक म्हणतात. पुढे वाराणसीत यश नावाच्या तरुणाचा पिता हा तिन्ही रत्नांना शरण जाणारा पहिला ‘तेवाचिक’ उपासक ठरला. यशाची माता आणि त्याची पूर्वीची पत्नी या पहिल्या तेवाचिक उपासिका होत. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. उपासक आणि उपासिका या दोन्ही संज्ञा एकाच घरातून आणि जवळजवळ एकाच वेळी जन्मास आल्या. उपासिका हे उपासकाचे मागाहून जोडलेले शेपूट नाही.

‘गिही’ म्हणजे गृहस्थ. ‘गहपति’ म्हणजे घरधनी. हे शब्द सामाजिक स्थिती दर्शवितात. ‘उपासक’ हा शब्द व्यक्तीने घेतलेला निर्णय दर्शवितो. भिक्खूंना दान देणारा प्रत्येक गृहस्थ उपासक नव्हता. कपिलवस्तूच्या महानाम शाक्याने भगवंतांना सरळ प्रश्न केला की, माणूस उपासक केव्हा होतो? त्याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेल्याने माणूस उपासक होतो. प्राणिहत्या, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून विरत राहिल्याने तो शीलवान उपासक होतो. त्यापुढे श्रद्धा, त्याग आणि प्रज्ञा यांचीही अपेक्षा सांगितली आहे. अंगुत्तर निकायातील महानाम सुत्तात आणखी एक भेद केला आहे. जो स्वतः शीलवान आहे, धम्म ऐकतो आणि त्याप्रमाणे वागतो, परंतु इतरांना त्यासाठी प्रवृत्त करीत नाही, तो फक्त स्वतःचे हित साधणारा उपासक होय. जो स्वतः आचरतो आणि दुसऱ्यासही प्रवृत्त करतो, तो उभयतांचे हित साधणारा उपासक होय. जन्म, कुळ, वर्ण अथवा धन यांचा या व्याख्येत कोठेही उल्लेख नाही.

उपासक हा केवळ दाता होता, असा समज आढळतो. त्रिपिटक त्यास दुजोरा देत नाही. मच्छिकासंड येथील चित्त गहपति हा धम्मकथन करणाऱ्या उपासकांत अग्रगण्य मानला गेला. संयुत्त निकायात त्याच्या नावाचा स्वतंत्र विभागच असून, त्यात तो भिक्खूंनाही अर्थ समजावून देताना दिसतो. कोसंबीची खुज्जुत्तरा ही राणी सामावतीची दासी. बहुश्रुत उपासिकांत तिचे स्थान पहिले सांगितले आहे. ‘इतिवुत्तक’ या ११२ सुत्तांच्या ग्रंथातील वचने तिने भगवंतांकडून ऐकून राजवाड्यातील स्त्रियांना शिकविली, अशी अट्ठकथेची परंपरा आहे. ज्या समाजात दासीने विद्येस स्पर्श करणे कल्पनेपलीकडचे होते, तेथे एका दासीच्या स्मरणशक्तीवर त्रिपिटकाचा एक ग्रंथ उभा आहे, असे परंपराच सांगते. उपासिका या शब्दाचे वजन येथे कळते.

उपासकास अधिकारही होते. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये भांडण विकोपास गेले आणि खुद्द भगवंतांचे सांगणेही त्यांनी ऐकले नाही, तेव्हा तेथील उपासकांनी त्या भिक्खूंना अभिवादन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. त्यानंतरच ते भिक्खू श्रावस्तीस जाऊन भांडण मिटविण्यास तयार झाले. उलट, वड्ढ लिच्छवी या उपासकाने एका भिक्खूवर खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्यासाठी आपले भिक्षापात्र पालथे केले, म्हणजे त्याचे दान स्वीकारणे थांबविले. चूक उमजून त्याने क्षमा मागितल्यावर पात्र पुन्हा सुलटे झाले. भिक्खू आणि उपासक यांचे नाते असे परस्परांवर लक्ष ठेवणारे होते. महापरिनिब्बान सुत्तानुसार भिक्खू, भिक्खुनी, उपासक आणि उपासिका हे चारही वर्ग धम्मात निपुण होऊन तो इतरांस शिकविण्यास आणि विरोधी मतांचे खंडन करण्यास समर्थ होईपर्यंत परिनिर्वाण न पावण्याचा भगवंतांचा संकल्प होता. चार पायांपैकी दोन पाय गृहस्थांचे आहेत.

शिलालेखांतील साक्ष

ग्रंथांतील हा शब्द दगडावरही कोरला गेला आहे. सम्राट अशोकाने आपल्या लघुशिलालेखात सांगितले आहे की, तो अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहे, परंतु पहिले वर्षभर त्याने फारसा उद्योग केला नाही, संघाच्या निकट आल्यावर मात्र तो झटून कामास लागला. उपासक हे नाव धारण करणे आणि त्यासाठी झटणे यांतील अंतर एका सम्राटाने स्वतःच जाहीर केले, ही लहान गोष्ट नव्हे. बैराट येथे सापडलेल्या लेखात त्याने सात धम्मग्रंथांची नावे दिली असून, ते भिक्खू-भिक्खुनींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत आणि मनात धरावेत, अशी इच्छा व्यक्त केली आहे. याचा अर्थ, उपासकासाठी अभ्यासक्रम असावा हा विचार बावीसशे वर्षांहून जुना आहे.

महाराष्ट्रातील लेण्यांत तर सामान्य उपासकांचा मेळाच भरलेला आहे. जुन्नरच्या एका लेखात चैत्यगृह देणारा आनंद स्वतःची ओळख तापस उपासकाचा पुत्र आणि कपिल उपासकाचा नातू अशी देतो. घराण्याची ओळख जातीने न सांगता उपासकत्वाने सांगण्याची ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाची शक उपासिका त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवते. ती रक्कम तिने जलयंत्रे करणारे, तेल गाळणारे अशा कारागिरांच्या श्रेणींकडे गुंतविली होती. शेलारवाडीच्या लेण्यात नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या पत्नीचे दान कोरलेले आहे.

आपला सातारा भागही यात मागे नव्हता. कराडचे प्राचीन नाव करहाकड अथवा करहाकट असे होते. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपावर करहाकट नगराच्या वतीने दिलेल्या दानाचा लेख आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे कोरविले. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात तर बौद्ध लेण्यांची मोठी रांगच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या कृष्णाकाठी व्यापारी, कारागीर आणि नगरवासी हे बुद्ध, धम्म, संघ यांच्या निकट बसणारे लोक होते.

जवळ बसण्याचा प्रश्न

त्याच कराड तालुक्यात मसूर हे रेल्वे स्थानक आहे. १९०१ साली तेथे घडलेली हकिकत आपल्या वाचकांस परिचित आहे. रामजी सुभेदार त्या वेळी सरकारी तलावाच्या कामावर रोखपाल होते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत त्या गावाचे नाव कोरेगाव असे दिले असून ते खटाव तालुक्यात असल्याचे लिहिले आहे. काही चरित्रांत गोरेगाव असाही उल्लेख येतो. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ती मुले मसूरला उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि गाडीवाल्यांनी त्यांना गाडीत घेण्यास नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, या अटीवर प्रवास झाला. जवळ अन्न होते, परंतु पाणी कोणी दिले नाही, म्हणून रात्र उपाशी गेली. याच आठवणींत साताऱ्याच्या शाळेचीही हकिकत आहे. वर्गात इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांना बसावे लागे आणि शाळेचा शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे.

या दोन्ही प्रसंगांत अस्पृश्यतेचे स्वरूप एकच आहे. ते म्हणजे जवळ बसण्यास मनाई. गाडीवान शेजारी बसणार नाही, विद्यार्थी शेजारी बसू देणार नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही मनाई सोसली, त्या समाजाने १९५६ साली स्वतःसाठी जो शब्द स्वीकारला, त्याचा धात्वर्थच ‘जवळ बसणारा’ असा आहे. बाबासाहेबांनी व्युत्पत्ती पाहून हा शब्द निवडला, असे आम्ही म्हणत नाही. शब्द परंपरेतूनच आला. परंतु त्याचा अर्थ आपल्या इतिहासाशी असा भिडतो की, त्यास केवळ पूजक किंवा वर्गणीदार या अर्थापर्यंत खाली आणणे आपणांस परवडणारे नाही. उपासकास कोणाच्या परवानगीने जवळ बसावयाचे नसते. तो स्वतःच्या निर्णयाने बसतो, आणि त्याच्या शेजारी कोणी बसावे यावर त्यालाही बंधन घालता येत नाही.

परंपरेतील उणीव आणि धम्मदीक्षा

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्रिपिटकात उपासकाची व्याख्या इतकी स्पष्ट असताना भारतातील उपासकवर्ग नाहीसा कसा झाला? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नास हात घातला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, संघात प्रवेश करणाऱ्यासाठी दीक्षेचा विधी होता, परंतु संघात न जाता धम्म स्वीकारणाऱ्या गृहस्थासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही गंभीर उणीव होती. तिच्यामुळे गृहस्थ एका धर्मातून दुसऱ्या धर्मात भटकण्यास आणि एकाच वेळी अनेक धर्म पाळण्यास मोकळा राहिला, आणि भारतातील धम्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले.

पालि ग्रंथांत शरणगमन आहे, मग दीक्षा नव्हती असे कसे म्हणता येईल, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. आमच्या मते हा आक्षेप बाबासाहेबांच्या मुद्द्याला स्पर्श करीत नाही. शरणगमन ही व्यक्तीने केलेली घोषणा होती. तिच्यामुळे श्रद्धेची दिशा ठरत असे, परंतु जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगीचे घरातील विधी कोणी व कसे करावेत, याची व्यवस्था तिच्यात नव्हती. निगंठांचा अनुयायी असलेला उपालि गहपति उपासक झाला, तेव्हा भगवंतांनी त्याला निगंठांस पूर्वीप्रमाणे दान देत राहण्यास सांगितले. सीह सेनापतीसही तेच सांगितले. ही बुद्धांची उदारता होती आणि ती दानापुरती योग्यच होती. परंतु पुढील शतकांत गृहस्थाच्या घरी पुरोहिताचा हात तसाच चालू राहिला आणि ज्याच्या हाती संस्कार, त्याच्या हाती घर, हा नियम आपले काम करीत गेला. विहार ओस पडले तेव्हा उपासकाला धरून ठेवणारे त्याच्या घरात काहीच उरले नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. नंतर त्यांनी स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली आणि त्रिशरण-पंचशीलाबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. एका गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा देणे हीच त्या दिवसाची मोठी घटना होती. बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवदेवतांचा त्याग, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याच्या प्रचाराचा अव्हेर, श्राद्ध आणि पिंडदान यांचा त्याग, ब्राह्मणाकरवी कोणताही विधी न करविण्याचा निर्धार आणि सर्व माणसे समान असल्याचा स्वीकार आहे. जुन्या शरणगमनात उघडी राहिलेली घराची बाजू या प्रतिज्ञांनी बंद केली. त्रिशरण सांगते की आपण कोठे जातो. बावीस प्रतिज्ञा सांगतात की आपण कोठून निघालो आणि कोठे परत जाणार नाही. भारतातील आजचा उपासक या दोहोंनी मिळून घडतो.

आजचा व्यवहार

दीक्षेनंतर आपल्या समाजात ओळखीचे अनेक शब्द रूढ झाले. ‘बौद्ध’ हा शब्द जनगणनेत आणि शाळेच्या दाखल्यावर येतो. महाराष्ट्रात १९६१ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ९० हजार आणि २०११ च्या जनगणनेत ६५ लाख ३१ हजार बौद्धांची नोंद झाली. ‘नवबौद्ध’ हा शब्द शासकीय सवलतींच्या कागदांतून आला. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशांत दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला, तरी तो शब्द अर्जांतून गेलेला नाही. ‘बौद्धाचार्य’ हे भारतीय बौद्ध महासभेच्या परंपरेत संस्कारविधी करणारे गृहस्थ होत. त्रैलोक्य बौद्ध महासंघाने भिक्खू आणि गृहस्थ या भेदापलीकडचा म्हणून ‘धम्मचारी’ हा शब्द रूढ केला. ख्रिस्ती बांधव आपल्या उपासकसमूहास ‘मंडळी’ म्हणतात आणि बाप्तिस्म्याची नोंद वहीत ठेवतात. आपल्याकडेही विहार समितीच्या वह्या आहेत आणि त्या असाव्यातच. हिशेब चोख असणे हा धम्माचाच भाग आहे.

परंतु या सर्व शब्दांत एक भेद जपला पाहिजे. ‘बौद्ध’ ही नोंद जन्माबरोबर मिळू शकते. आपल्या मुलांना ती तशीच मिळते आणि ती आपली सामाजिक व राजकीय शक्ती आहे. ‘उपासक’ हे नाव मात्र प्रत्येकाने स्वतः घ्यावयाचे असते. बौद्ध आईबापांच्या पोटी जन्मलेला मुलगा बौद्ध असेल, परंतु समजून-उमजून शरण गेल्याखेरीज आणि शील स्वीकारल्याखेरीज तो उपासक होत नाही. ‘सभासद’ वर्गणीने होतो. ज्याच्याकडे वर्गणीस पैसे नाहीत अशी शेतमजूर बाई त्याच विहारात पूर्ण अर्थाने उपासिका असू शकते. पैसे थकले म्हणून तिला पंगतीत किंवा सभेत मागे बसविणे हा या शब्दाचाच अपमान होय.

अंगुत्तर निकायात चांगल्या आणि वाईट उपासकाची पाच-पाच लक्षणे दिली आहेत. श्रद्धा नसणे, शील नसणे, शकुन-अपशकुनांवर भिस्त ठेवणे, कर्मापेक्षा मुहूर्तावर अधिक विश्वास टाकणे, आणि आपला मार्ग सोडून अन्यत्र पुण्य शोधत फिरणे ही वाईट उपासकाची लक्षणे होत. अशा उपासकाला सुत्तात ‘चांडाल’ हे विशेषण लावले आहे आणि ते आम्ही येथे झाकून ठेवू इच्छित नाही. वसल सुत्तात भगवंतांनी जन्माने कोणी वृषल होत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. येथेही निकष आचरणाचाच आहे. तथापि एका पीडित समूहाचे नाव निंदेसाठी वापरण्याची तत्कालीन समाजाची सवय त्या शब्दात उतरली आहे, हेही खरे. म्हणून विहारात हे सुत्त शिकविताना पाच लक्षणे सांगावीत आणि विशेषण का सांगत नाही, त्याचे कारणही सांगावे. ग्रंथाशी प्रामाणिक राहणे आणि माणसाचा मान राखणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्र पार पाडता येतात.

या पाच लक्षणांनी आपण स्वतःची तपासणी केली तर काय दिसते? घराच्या भिंतीवर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, तरी लग्नाची तारीख काढताना पंचांग पाहिले जाते. मुलाच्या दंडात ताईत बांधला जातो. गावच्या जत्रेत नवस फेडला जातो. पौर्णिमेला विहारात येणारे शेकडो असतात आणि ग्रंथवाचनानंतर प्रश्न विचारणारे बोटांवर मोजण्याइतके. हे लिहिताना आम्ही कोणास कमी लेखत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती एका दिवसात जात नाही. परंतु जो रोग दीड हजार वर्षांपूर्वीच्या उपासकाला जडला होता, तोच आपल्या दारात उभा आहे, हे ओळखणे आवश्यक आहे.

यासाठी फार मोठे साधन लागत नाही. वर्षावासात वाचनाइतकाच वेळ प्रश्नोत्तरांस द्यावा. जे ऐकले त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगण्याची संधी दर वेळी एका उपासिकेस आणि एका तरुणास द्यावी. चंकी सुत्तातील श्रवण, स्मरण आणि परीक्षण या पायऱ्या अशाच चढता येतात. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींनी पालकांच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः वाचून आणि विचारून त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा घ्याव्यात. विहार समितीच्या निर्णयांत उपासिकांचा वाटा पहिल्या तेवाचिक उपासिकांस शोभेल असा असावा. भिक्खूंचा आदर करावा आणि त्यांचे आचरण ढळले तर कोसंबीच्या उपासकांप्रमाणे नम्रपणे परंतु निश्चयाने ते त्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

उपासक हा शब्द लहान आहे, परंतु त्यात निर्णय, शील, अभ्यास आणि अधिकार या चार गोष्टी सामावलेल्या आहेत. वहीतील नावाने त्यांपैकी एकही आपोआप मिळत नाही. यापुढे ध्वनिक्षेपकावरून सर्व उपासक-उपासिकांना आवाहन होईल, तेव्हा ते आपल्यालाच उद्देशून आहे असे म्हणण्याचा हक्क आपण कोणत्या आचरणाने मिळविला, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा, एवढीच आमची विनंती आहे.